छत्तीस पत्र्यांचं कडं

कारखान्यात तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. नाव ठेवलं होतं घडीमास्तरांनी. पत्र्याला घड्या घालायच्या प्रेसवर त्यांचा हात, म्हणून ते घडीमास्तर. आणि घड्या मोडून सगळं सपाट करून देते म्हणून ही इस्त्रीबाई. नव्या माणसाला ओळख करून देताना ते म्हणत, "मी घालायच्या आणि हिनं मोडायच्या. एकोणीस वर्षं आमचा हाच संसार!" ती मान खाली घालून हसे आणि जिना चढून आपल्या खोलीत जाई.

तिचं काम सांगायला सोपं आहे, करायला नाही. डिझायनर कॉम्प्युटरवर जी वस्तू काढतो ती चारी बाजूंनी फिरवून बघता येते. पेटी काढली तर पेटीच दिसते. आत डोकवावं, उलटी करावी, झाकण उघडावं. पण खाली शेडमध्ये पत्रा कापणारं लेझर मशीन आहे, त्याला यातलं काही म्हणजे काही कळत नाही. त्याच्यापुढे पत्रा आडवा पडलेला असतो आणि त्याला हव्या असतात फक्त रेघा. म्हणून ती पेटी आधी उलगडायची, तिच्या सगळ्या बाजू जमिनीवर पसरल्यासारख्या पसरायच्या आणि त्या सपाट आकाराची फाइल मशीनला द्यायची. कापून झालं की घडीमास्तर पुन्हा घड्या घालून पेटी उभी करणार.

यात फसायला जागा भरपूर. एका रेघेवर दुसरी रेघ चुकून राहिली, तर मशीन इमानेइतबारे तिथून दोनदा फिरतं आणि पत्र्याची कड जाळून ठेवतं. एकदा ती चार दिवस रजेवर असताना दुसऱ्याच कुणीतरी फाइल पाठवली. ड्रॉइंगवर समजण्यासाठी लिहिलेले शब्द त्यात तसेच राहिले. मशीननं ती अक्षरंही कापली. एका कपाटाचं दार तयार होऊन आलं, त्यात आरपार भोकांनी सुबक लिहिलेलं, 'ही बाजू आत'. ते दार घडीमास्तरांनी कित्येक महिने आपल्या प्रेसमागे उभं केलं होतं. दुपारचं ऊन त्यातून आलं की समोरच्या भिंतीवर उजेडाची अक्षरं उमटत, आणि येणारा-जाणारा हसून पुढे जाई.

पण खरी मेख घडीत असते. पत्र्याला घडी घातली की तो वळणावर थोडा ताणला जातो. शंभर मिलिमीटरची पट्टी मधोमध वाकवून तिच्या दोन्ही बाजू बाहेरून मोजा. बेरीज शंभर येत नाही, जास्त येते. म्हणजे सपाट आकार काढताना तेवढं आधीच कमी करायला हवं. किती कमी करायचं याचे आकडे पुस्तकात असतात, सॉफ्टवेअरमध्येही असतात. पण पुस्तक लिहिणाऱ्यानं घडीमास्तरांचा प्रेस बघितलेला नाही. त्याचा साचा वर्षानुवर्षं झिजून थोडा गोल झालेला, आणि त्याची घडीही थोडी गोल. म्हणून पत्र्याचा नवा गठ्ठा आला की इस्त्रीबाई त्यातून शंभराची एक पट्टी कापून घेई, मास्तरांकडून वाकवून घेई, व्हर्नियरनं मोजे आणि तो आकडा वापरे. मोजलेल्या पट्ट्या तिच्या टेबलामागे तारेत ओवलेल्या असत. प्रत्येकीवर जाडी, तारीख आणि आकडा.

हे सगळं करून तिचं नाव मात्र कुठेच नसे. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक तक्ता असतो. रचना, तपासणी, मंजुरी, असे तीन चौकोन. रचनेत डिझायनरची सही, मंजुरीत मालकांची, आणि तपासणीतही डिझायनरचीच, कारण तपासायला दुसरा होता कोण? सपाट करून देणं म्हणजे नक्कल करणं, असा सगळ्यांचा समज. आणि कारखान्याचा नियम असा, की ज्याची सही त्यानंच मशीन थांबवायचं. चूक दिसत असूनही तिला मशीन थांबवता येत नसे. वर जाऊन सांगायचं, त्यांनी ऐकलं तर ऐकलं. दोनदा न ऐकल्यामुळे पत्रे भंगारात गेले होते, आणि दोन्ही वेळा 'मी म्हटलं होतं' हे वाक्य तिनं गिळून टाकलं होतं.

अशात जुने डिझायनर निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. चाळिशीचे, नीटनेटके, कामाला चोख. त्यांनी बरोबर नवं सॉफ्टवेअर आणलं. त्यात वस्तू काढायची, एक बटण दाबायचं, की ती आपोआप उलगडून सपाट फाइल बाहेर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते मालकांना दाखवलं. मालक खूश. त्यांनी इस्त्रीबाईंना बोलावून घेतलं.

"बाई, आता तुमची दगदग संपली," ते म्हणाले. "एक तारखेपासून तुम्ही स्टोअरमध्ये बसा. आलेल्या-गेलेल्या मालाच्या पावत्या करायच्या. पंखाही आहे तिथं."

ती म्हणाली, "बरं." तिच्या तोंडून पहिल्यांदा नेहमी 'बरं'च निघे.

त्याच आठवड्यात ग्रंथालयाचं काम आलं. नव्या इमारतीत मधोमध गोल मोकळी जागा, वरच्या मजल्यावरून खाली वाकून बघता येईल अशी, आणि तिच्याभोवती चकचकीत स्टीलचं कठड्याएवढं कडं. सहा मीटर रुंदीचं वर्तुळ. छत्तीस पत्रे एकाशेजारी एक उभे करायचे, प्रत्येकाच्या दोन्ही कडा आत दुमडायच्या आणि शेजारच्या कडेला बोल्टनं जोडायच्या. साहेबांनी बटण दाबलं, फाइल तयार झाली. तीन पत्रे नमुना म्हणून कापून, वाकवूनही आले.

सवयीनं इस्त्रीबाईंनी त्या गठ्ठ्याची पट्टी करून घेतली होतीच. पुस्तकातला आकडा साडेतीन. पट्टी सांगत होती तीन पूर्णांक नऊ. ती व्हर्नियर घेऊन साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिली.

"साहेब, घडीमागे चार दशांशाचा फरक येतोय."

"मिलिमीटरचे चार दशांश?" साहेब हसले, पण कुत्सितपणे नाही. "बाई, एका पत्र्यावर एक मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. ड्रॉइंगवरच लिहिलंय. दोन घड्यांचे मिळून आठ दशांश. प्रत्येक पत्रा पास आहे."

"एकेकटा पास आहे, साहेब. पण छत्तीस मिळून नापास होतील."

"म्हणजे?"

"आठ दशांश गुणिले छत्तीस. जवळपास एकोणतीस मिलिमीटर. शेवटचा पत्रा बसणारच नाही."

"एक जास्त येईल, एक कमी येईल, तसं ते भागून जातं. प्रत्येक वेळी एकाच बाजूला चूक कशी होईल?" एवढं म्हणून साहेबांनी फोन घेतला. बोलणं संपलं.

घरी ती आणि तिची थोरली बहीण, दोघीच. ताईनं पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. आता बोटं आखडली म्हणून मशीन बंद. जीभ मात्र अजून धारेची. संध्याकाळी भाजी निवडताना धाकटीनं सगळं सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. त्यांनी फोन घेतला."

"वा! त्यांनी फोन घेतला नि हिनं माघार घेतली!" ताईनं देठ भांड्यात आपटला. "अगं, शिवणीत जाणारं कापड धरलं नाही तर कपडा अंगात शिरत नाही, हे शेंबड्या पोराला कळतं. तुझ्या त्या साहेबाला सांगता येईना तुला?"

"आकडे सांगितले ना."

"आकडे! मोठमोठी गिऱ्हाईकं यायची माझ्याकडे, 'ताई, छाती छत्तीस आहे' म्हणून छाती ठोकून सांगायची. मी टेप लावून आरशापुढे उभं करायची. एका शब्दानं वाद घातला नाही कधी. तुझ्या मालकाला आरशापुढे उभं कर."

"मालकाला कुठल्या आरशापुढे उभं करू, ताई?"

"ते तू बघ. एकोणीस वर्षं नोकरी मी केली का तू?" मग जरा आवाज उतरवून ती म्हणाली, "आणि हे बघ, फुकट करू नकोस. खरी ठरलीस तर काय हवंय, ते आधी मागून घे. मागाहून कोणी देत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक शेडमध्ये उतरत होते, तेव्हा जिन्याच्या पायथ्याशी इस्त्रीबाई उभी. वाक्य घरून पाठ करून आणलेलं.

"मालक, बाकीचे तेहेतीस पत्रे कापण्याआधी मला एक तास द्या. मी चुकले तर आजच स्टोअरमध्ये बसते, एक तारखेची वाट बघत नाही. आणि बरोबर ठरले तर ड्रॉइंगवरचा तपासणीचा चौकोन माझा. सहीसकट. आणि थांबवायचा हक्कही."

घडीमास्तरांच्या हातातला पत्रा हातातच राहिला. एवढं लांब वाक्य तिच्या तोंडून कारखान्यानं कधी ऐकलं नव्हतं. मालकांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खांदे उडवले. "करू द्या. एका तासानं काय बिघडतंय?"

शेडच्या मोकळ्या कोपऱ्यात तिनं जमीन झाडून घेतली. सहा मीटरचं वर्तुळ जमिनीवर काढायचं होतं. ती दोरी शोधू लागली तेव्हा साहेबच म्हणाले, "दोरी नको, ताणली जाईल. मग तुम्ही म्हणाल चूक पत्र्याची."

"बरोबर आहे साहेबांचं," ती म्हणाली. साहेबांनाच तिनं सांगितलं, आणि त्यांनी लेझरवर तीन मीटरची पोलादी पट्टी कापून दिली, दोन टोकांना दोन भोकं असलेली. एका भोकात मध्याला ठोकलेली खीळ, दुसऱ्यात टोकदार टोच्या. घडीमास्तर गुडघ्यावर रांगत वर्तुळभर फिरले आणि केसाएवढी बारीक रेघ जमिनीवर उमटली.

मग ते तीन नमुन्याचे पत्रे. मोजायला बरं पडावं म्हणून त्यांच्यावरची प्लास्टिकची फिल्म मास्तरांनी आधीच सोलून टाकली होती. तिघांना एकमेकांना जोडून रेघेवर उभं केलं, जिथे सुरुवात झाली तिथे खूण केली, जिथे संपलं तिथे खूण केली. मग तिन्ही उचलून पुढच्या खुणेपासून पुन्हा. तिनाचे छत्तीस व्हायला बारा वेळा असं पुढे सरकायचं. तिसऱ्या वेळेला लेझरवरचा माणूस बघायला आला. सातव्या वेळेला पॅकिंगवाल्या बायका आल्या. दहाव्या वेळेला कारखान्यातली सगळी मशीनं बंद होती आणि मालकांनी कुणालाही त्याबद्दल हटकलं नाही.

बाराव्यांदा पत्रे ठेवले. शेवटच्या पत्र्याची कड पहिल्या खुणेवर यायला हवी होती. ती खूण ओलांडून पुढे गेली होती. नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी.

इस्त्रीबाईंनी मोजपट्टी स्वतः लावली नाही. ती साहेबांच्या हातात दिली. साहेब उकिडवे बसले. दोनदा मोजलं.

"सत्तावीस," ते म्हणाले.

"मी एकोणतीस म्हटलं होतं," ती पुटपुटली. "दोन चुकले."

"बाई, आता गप्प बसा हो!" घडीमास्तर ओरडले, आणि अख्खी शेड खदाखदा हसली.

साहेब उठले, गुडघे झटकले. माणूस चोख होता, म्हणाला, "साचा झिजलाय, त्यामुळे चूक दर वेळी एकाच बाजूला होतेय. भागून जाईल कुठून! फाइल तुम्हीच करा. तुमचा आकडा घालून."

मालक म्हणाले, "फाइल करा. चौकोनाचं कडं बसल्यावर बघू." मालक शेवटी मालकच.

फाइल तिनं केली. छत्तीस पत्रे कापले, वाकवले, गाडीत चढले. बसवायच्या दिवशी मालकांनी तिलाही सोबत घेतलं. एकोणीस वर्षांत कारखान्याबाहेरच्या जागेवर जायची तिची ही पहिलीच वेळ. आपण सपाट करून दिलेलं उभं राहताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

ग्रंथालय अजून रिकामं होतं. पुस्तकांची कपाटं भिंतीला पाठ लावून उघडी उभी, सगळीकडे रंगाचा वास. फिटर वरच्या मजल्यावर एकेक पत्रा उभा करून बोल्ट आवळत गेले. दहा झाले, वीस झाले, तीस झाले. कडं वळत वळत आपल्याच सुरुवातीकडे येत होतं आणि ती बोटांवर मोजत होती. पस्तीस झाले. उरलेल्या जागेत छत्तिसावा सरकवायला फिटरनी उचलला, टेकवला, ढकलला.

गेला नाही.

थोरल्या फिटरनं टेप लावला. "जागा सात मिलिमीटर कमी आहे. कड तासून टाकू का?"

मालकांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि ते तिला बघण्यापेक्षा जास्त लागलं. जमिनीवर हिशेब बरोबर आला आणि इथे चुकला? फरक काय? गठ्ठा तोच, घडी तीच, आकडा तोच. तिनं पहिल्या आणि दुसऱ्या पत्र्याच्या सांध्यावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग नखानं खरवडलं. नखाखाली पारदर्शक काहीतरी सुटलं.

"फिल्म!" ती म्हणाली.

चकचकीत बाजूला ओरखडे पडू नयेत म्हणून पत्र्यावर प्लास्टिकची पातळ फिल्म येते. काम संपल्यावर ती काढायची, म्हणून फिटरनी दुमडलेल्या कडांवरही तशीच ठेवून बोल्ट आवळले होते. प्रत्येक सांध्यात दोन थर. तिनं पर्समधून मायक्रोमीटर काढला. हो, पर्समधून; त्यावर नंतर बरेच विनोद झाले. सुटलेला तुकडा त्यात धरला. मिलिमीटरचा दहावा भाग.

"दोन थर, छत्तीस सांधे, बहात्तर," ती मोठ्यानं म्हणाली, कुणी विचारायच्या आत. "सात मिलिमीटर. नि थोडं वर. कड तासायची नाही! सगळे बोल्ट सैल करा, सांध्यांतली फिल्म काढा, मग आवळा."

थोरला फिटर म्हणाला, "पस्तीसच्या पस्तीस? बाई, दिवस जाईल!"

"जाऊ दे," असं कुणीतरी म्हणालं. तिनं वळून बघितलं तर साहेब. बाह्या दुमडून त्यांनी हातात पाना घेतलासुद्धा.

दिवस गेला नाही, दुपार गेली. मालकही एका सांध्याची फिल्म सोलत बसले. चिकटलेला तुकडा निघेना तेव्हा दातांनी ओढायला गेले आणि फिटरनी नजर दुसरीकडे वळवली. मग पुन्हा पहिल्यापासून आवळणं. उन्हं कलती व्हायच्या आत पस्तीस पत्रे घट्ट झाले. छत्तिसावा पत्रा चौघांनी उचलला. इस्त्रीबाई पुढे झाली आणि तिनं तो तळहातानं हलकेच दाबला.

गेला. आवाजही झाला नाही. दोन्हीकडे सारखी, कागद शिरेल एवढीच फट, ती बोल्टनं मिटली.

क्षणभर सगळे त्या कड्याकडे बघत राहिले. सुरुवात कुठे नि शेवट कुठे, शोधून सापडत नव्हतं. थोरल्या फिटरनं एक फेरी मारली, हात लावत लावत, आणि म्हणाला, "तीस वर्षांत तासणी न लावता गोल मिटलेला पहिल्यांदा बघतोय."

मालकांनी घसा साफ केला. "बाई, तुमचं खरं ठरलं."

"अर्धंच," ती म्हणाली. "जोडण्याआधी सांध्यातली फिल्म काढा, हे ड्रॉइंगवर लिहायला हवं होतं. ते माझ्या लक्षात आलं नाही."

"कुठून लिहिणार? तुम्हाला लिहायला जागा कोणी दिली होती!" साहेबांनी पिशवीतून ड्रॉइंगची गुंडाळी काढली, फिटरांच्या अवजारपेटीवर पसरली आणि कोपऱ्यातला मधला चौकोन बोटानं दाखवला. तो कोरा होता. त्यांनी या वेळी तिथे सही केलीच नव्हती. "आता लिहा."

तिनं पेन घेतला. आधी चौकोनाच्या वर, सुवाच्य अक्षरात, फिल्मची सूचना लिहिली. मग सही करायला हात खाली आणला आणि थबकली. सही कधी करावीच लागली नव्हती. पगाराच्या वहीवर करायची तेवढीच, आणि ती तर नुसती आद्याक्षरं. आज आद्याक्षरांवर भागेना. तिनं आपलं नाव लिहिलं, पूर्ण. मग वडिलांचं लिहिलं. मग आडनाव. अक्षर नेहमीसारखंच ठसठशीत, घाई नाही, काटकसर नाही. तपासणीचा चौकोन भरला, तरी नाव उरलं होतं. ते रेघ ओलांडून शेजारच्या मंजुरीच्या चौकोनात गेलं आणि तोही भरून थांबलं.

"अगं बाई!" तिनं जीभ चावली. "आता तुम्ही सही कुठे करणार, मालक?"

मालकांनी कागद आपल्याकडे ओढला, दोन्ही चौकोन नीट वाचले, आणि तक्त्याबाहेर, समासात, कागदाच्या अगदी काठाशी जी बोटभर जागा उरली होती, तिथे अंग चोरून आपली सही केली.